उमेदवाराला काय विचारू नये

निवडणूक जवळ आली की जगभरच्या ख्रिस्ती मंडळींना प्रश्नांची खाज सुटते. अमेरिकेत चर्चच्या दारात पत्रके वाटतात: उमेदवाराला गर्भपाताविषयी हे विचारा, शाळेतल्या प्रार्थनेविषयी ते विचारा. गोव्यात चर्चची सामाजिक न्याय आणि शांती परिषद निवडणुकीच्या सुमारास मतदारांना चार गोष्टी सुनावते. एवढा खटाटोप करून निवडून यायचा तोच येतो. आम्ही छत्तीसगडातल्या भिलाईच्या सेक्टर 2 मधले ख्रिस्ती या सगळ्यांच्या पुढे आहोत. आम्ही काहीच विचारत नाही. हा गुण आमच्यात कसा मुरला आणि इतरांनी तो कसा अंगी बाणवावा, हे नम्रपणे सांगतो.

आमच्यात मल्याळी आहेत, तेलुगू आहेत, ओडिया आहेत, जशपूरकडून आलेले उराँव आहेत आणि नागपूर-नगरकडची आम्ही मूठभर मराठी घरे आहोत. येशूने एकत्र आणले असे आम्ही म्हणतो. खरे तर भिलाईच्या पोलादाने आणले. रविवारी पाच भाषांत उपासना होते आणि पाचही भाषांत आम्ही राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करतो. ज्याच्यासाठी प्रार्थना केली त्यालाच पुन्हा जाब विचारणे म्हणजे देवावर अविश्वास दाखवणे, असे आमच्यातल्या जाणत्यांचे मत आहे.

छत्तीसगडची विधानसभा निवडणूक नोव्हेंबरच्या आसपास येते. 2003 साली मतदान 1 डिसेंबरला झाले, त्यानंतर दर वेळी नोव्हेंबरातच. म्हणजे 2 नोव्हेंबर, सर्व मृतांचा दिवस, ऐन प्रचारात सापडतो. त्या दिवशी आम्ही सगळे कब्रस्तानात एका ठिकाणी गोळा झालेले असतो आणि आमचा मूड हळवा असतो. उमेदवाराला आणखी काय हवे? कुणी गेल्या वर्षीचे मेण कबरीवरून सुरीने खरवडत असते, कुणी झेंडूच्या पाकळ्यांनी क्रूस काढत असते, पोरे उरलेल्या मेणबत्त्यांवरून भांडत असतात. एवढ्यात फाटकाशी तीन पांढऱ्या गाड्या थांबतात. उमेदवार चपला फाटकाबाहेर काढतो. त्याची गरज नसते, पण त्याला आदर दाखवायचा असतो आणि कुणीतरी मोबाइल धरून उभा असतो. मग खडीवरून पाय उचलत उचलत तो आत येतो, हात जोडून ‘जय मसीह की’ म्हणतो, आणि सर्वात जवळच्या कबरीपाशी थांबतो.

‘इहाँ कौन हैं?’

‘आई.’

‘माताजी को प्रणाम.’

आचारसंहितेनुसार प्रार्थनास्थळ प्रचारासाठी वापरता येत नाही. म्हणून इथे प्रचार होत नाही, केवळ श्रद्धांजली होते. ती आटोपली की तो मंडळीच्या पंचांकडे वळतो: ‘और बताइए, मसीही समाज की कोई समस्या?’ पंच एकमेकांकडे बघतात. समस्या एकच आहे, सर्वांना पाठ आहे: बाउंड्री वॉल. ‘हो जाएगा,’ उमेदवार म्हणतो. तो गेला की अर्ध्या तासाने दुसरा येतो. त्यालाही आम्ही तीच भिंत सांगतो, कारण आम्ही पक्षपाती नाही.

या भिंतीची थोरवी बाहेरच्यांना कळायची नाही. भिंतीला धर्म नाही, विचारसरणी नाही. ती आमदार निधीत बसते. ती मागितल्याने कुणाच्या भावना दुखावत नाहीत. भिंत पुरी झाली तर पेव्हर ब्लॉक आहेत, त्यानंतर हायमास्ट आहे आणि सर्वात शेवटी, समाजाची परिपक्वता सिद्ध झाल्यावर, सामुदायिक भवन आहे. आयुष्यात याहून जास्त काही मागावे असे ज्याला वाटते, त्याच्यासाठी स्वर्ग आहे.

आता या भिंतीविषयी बोलताना काही अविचारी तरुण एक वेडगळ प्रश्न पुढे करतात: कब्रस्तानाला भिंत मागता, पण ज्याला कब्रस्तानच नाही त्याचे काय? त्यांच्या डोक्यात बस्तरमधले छिंदवाडा गाव असते. तिथे 7 जानेवारी 2025 रोजी एक पाळक वारले. त्यांना गावच्या मातीत पुरायला गावकऱ्यांनी मनाई केली. मुलगा उच्च न्यायालयात गेला, तिथून सर्वोच्च न्यायालयात. 27 जानेवारीला निकाल लागला. एका न्यायमूर्तींच्या मते घरच्याच शेतात पुरू द्यावे; दुसऱ्यांच्या मते हव्या त्या जागी पुरण्याचा हक्क कुणाला नसतो. शेवटी वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या करकापालच्या ख्रिस्ती कब्रस्तानात पोलीस बंदोबस्तात पुरावे, असे ठरले. तोवर वीस दिवस देह शवागारात होता.

मी त्या तरुणांना समजावतो. बाबांनो, देशातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे ज्यावर एकमत झाले नाही, त्यावर आपल्या वॉर्डात मत मागायला आलेल्या माणसाने चपला न घालता खडीवर उभे राहून काय सांगावे? शिवाय हे एका पक्षाचे राज्य असताना घडले, म्हणून दुसऱ्याला विचारायला जाल, तर 2022 च्या डिसेंबरात नारायणपूरकडची शेकडो ख्रिस्ती माणसे गावाबाहेर काढली गेली आणि 2 जानेवारी 2023 रोजी तिथल्या चर्चची मोडतोड झाली, तेव्हा राज्य दुसऱ्याचे होते. दोघांनाही अडचणीत आणणारा प्रश्न सभ्य माणूस विचारत नाही. भिंत विचारतो.

तसाच दुर्ग स्टेशनचा प्रश्न. हा तर अजिबात काढू नये, कारण स्टेशन आमच्या घरापासून अर्ध्या तासावर आहे आणि जवळच्या गोष्टींवर बोलणे नेहमीच अवघड जाते. 25 जुलै 2025 रोजी तिथे केरळच्या दोन नन्सना अटक झाली. सोबत नारायणपूर जिल्ह्यातल्या तीन तरुणी आणि एक तरुण होता. आरोप मानवी तस्करीचा आणि धर्मांतराचा. मुलींच्या घरचे म्हणाले, आम्ही आधीपासूनच ख्रिस्ती आहोत. म्हणजे जे आधीच झाले होते ते पुन्हा करवल्याचा आरोप. गुन्ह्याचा हा प्रकार नवा असला तरी कष्टाचा आहे. नन्स नऊ दिवस कोठडीत राहिल्या आणि 2 ऑगस्टला बिलासपूरच्या एनआयए न्यायालयाने त्यांना जामीन दिला.

या नऊ दिवसांत मला राज्यशास्त्राचा एक नियम सापडला, तो वाचकांना फुकट देतो. छत्तीसगडचे मुख्यमंत्री आमिष दाखवून तस्करी आणि धर्मांतराचा प्रयत्न झाल्याचे सांगत होते. त्याच पक्षाचे केरळचे प्रदेशाध्यक्ष नन्स निर्दोष आहेत असे सांगत त्यांच्या सुटकेसाठी धडपडत होते. पक्ष एक, नन्स त्याच दोन, स्टेशनही तेच. फरक कुठे पडला? 2011 च्या जनगणनेत केरळात ख्रिस्ती 18.4 टक्के आहेत, छत्तीसगडात 1.92. उत्तर हे प्रश्नावर अवलंबून नसते, टक्क्यावर असते. तेव्हा उमेदवाराला विचारून त्याचा आणि आपला वेळ घालवण्यापेक्षा जनगणनेचे पुस्तक उघडावे. महाराष्ट्रातल्या वाचकांनी तेही उघडू नये. तिथे आकडा 0.96 आहे.

गोव्यात टक्का 25 च्या वर. तिथे उत्तर मिळते, शपथेसकट मिळते. 2022 च्या जानेवारीत काँग्रेसने आपल्या उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मी मंदिरात, बांबोळीच्या क्रुसापाशी आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन पक्ष सोडणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. तीन धर्म, एक शपथ. सर्वधर्मसमभावाचा याहून स्वस्त प्रवास झाला नसेल. निवडणुकीत काँग्रेसचे अकरा आमदार आले. 14 सप्टेंबरला त्यांतले आठ भाजपमध्ये गेले. शपथेचे काय झाले, असे पत्रकारांनी विचारले तेव्हा त्या आठांतले दिगंबर कामत म्हणाले की आपण पुन्हा देवळात जाऊन देवाला विचारले आणि तुला योग्य वाटते ते कर, असे देवाने सांगितले. गोव्याच्या मतदाराने उमेदवाराला विचारले आणि उमेदवाराने देवाला विचारले. आम्ही मधला टप्पा गाळून सरळ देवालाच विचारतो. वेळ वाचतो आणि निकाल तोच लागतो.

कुणी म्हणेल, ही गप्प बसण्याची सवय आम्हाला मुळातच आहे. तसे नाही. ती आम्हाला प्रयत्नपूर्वक लावली गेली आणि त्याचे श्रेय नागपूरला जाते. 1954 साली, हा सगळा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात होता तेव्हा, सरकारने भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. मिशनरी काय करतात ते तिने शोधायचे होते. समितीने 99 प्रश्नांची प्रश्नावली काढली. नव्व्याण्णव! शंभरावा बहुधा सभ्यतेपोटी राखून ठेवला असावा. मिशनला पैसा कुठून येतो, इस्पितळात रोग्याला प्रार्थनेचा आग्रह होतो का, असल्या चौकशीत दोन वर्षे गेली. 1956 साली अहवाल आला.

याच काळात, 1955 साली, भिलाईच्या कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला. परदेशी माणसे येणार, परदेशी पैसा येणार, आणि येणारी माणसे देवच नाही असे मानणाऱ्या सरकारची. त्यांना एकही प्रश्न विचारला गेला नाही. त्यांच्यासाठी घरे बांधली गेली. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, तेव्हाही प्रश्न नाही. यातून शहाण्याने बोध घ्यायचा तो असा की, पोलाद आणणाऱ्याला कुणी विचारत नाही. पुस्तक आणणाऱ्याला विचारतात. असो. 99 प्रश्न ज्यांनी ऐकून घेतले त्यांची मुलेनातवंडे आज उमेदवाराला एकही विचारत नाहीत. समाजाचा प्रश्नांचा कोटा एका पिढीतच संपला म्हणायचे.

पुस्तकावरून आठवले. विचारणारा माणूस कुठे जातो याचे उदाहरण मराठी वाचकांच्या घरातलेच आहे आणि घडलेही आमच्या शेजारच्या स्टेशनाच्या वाटेवर. 1893 च्या सुमारास नारायण वामन टिळक आगगाडीने राजनांदगावला निघाले होते. डब्यात एका गोऱ्या गृहस्थाशी गप्पा रंगल्या. त्याने टिळकांना नव्या कराराची प्रत दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांना गप्प बसवेना; ते वाचत गेले, विचारत गेले आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला. पत्नी लक्ष्मीबाईंनी त्यापायी काय काय सोसले ते ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला सांगायला नको. राजनांदगावच्या पुढे मोठे स्टेशन दुर्गचे. ती भेट आज त्याच गाडीत झाली असती तर पुस्तक प्रलोभनात मोडते की नाही, याची चौकशी फलाटावरच झाली असती आणि मराठी भाषा एका कवीला मुकून कायद्याने सुरक्षित राहिली असती. धर्मांतरावरचा हा कायदा 1968 साली आला. त्याला आव्हान देणारे रायपूरचे फादर स्टॅनिस्लॉस 1977 साली सर्वोच्च न्यायालयात हरले: प्रचाराचा हक्क आहे, दुसऱ्याचे धर्मांतर करवण्याचा नाही. आम्ही त्याही पुढे जाऊन प्रचाराचाही हक्क उमेदवारांना देऊन टाकला आहे.

एक प्रश्न नगरकडचे नातेवाईक फोनवर सुचवतात. एका महार घराण्यातल्या तीन भावांपैकी एक हिंदू राहिला, एक बौद्ध झाला, एक ख्रिस्ती. 1950 च्या आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. 1956 साली शीख आले, 1990 साली बौद्ध. ख्रिस्ती भावाचे काय, हे विचारा म्हणतात. विचारायची गरज नाही. रंगनाथ मिश्र आयोगाने 2007 सालीच उत्तर दिले होते की त्यालाही द्या. उत्तर नको ते आले, म्हणून 2022 साली माजी सरन्यायाधीश बाळकृष्णन यांचा नवा आयोग नेमून प्रश्न पुन्हा विचारण्यात आला. सरकार स्वतःच इतके विचारत असताना मतदाराने त्यात भर घालू नये.

काहींना वाटते, निदान उमेदवार देवभीरू आहे का, एवढे तरी विचारावे. नको. या राज्याचे पहिले मुख्यमंत्री अजित जोगी ख्रिस्तीच होते. त्यांच्यावरून वर्षानुवर्षे वाद झाला तो धर्माचा नाही, ते आदिवासी आहेत की नाहीत याचा. आणि जशपूरकडे ‘घरवापसी’ करून आमच्या भावंडांचे पाय धुणारे दिलीपसिंह जूदेव 2003 साली केंद्रात मंत्री असताना छुप्या कॅमेऱ्यात नोटा घेताना दिसले. पैसा खुदा नव्हे, पण खुदाची कसम, खुदापेक्षा कमीही नाही, हे त्यांचे वाक्य देशाने ऐकले. त्यांनी आपल्याला अडकवल्याचे म्हटले. ते खरे मानले तरी देवाचे नाव एका वाक्यात तीनदा घेणारा दुसरा नेता मला ठाऊक नाही. देवभीरूपणाची परीक्षा घेतलीच तर ते पहिल्या श्रेणीत यायचे.

कायद्याची भीती दाखवणारेही भेटतात: धर्माच्या नावावर मत मागणे गुन्हा आहे, मग धर्माच्या नावावर प्रश्न कसा विचारायचा? हा युक्तिवाद मला फार आवडतो, कारण तो चुकीचा असूनही उपयोगी आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याचे 123 वे कलम उमेदवाराला आणि त्याच्या माणसांना बांधते. 1990 साली मुंबईच्या सांताक्रूझमधून अभिराम सिंह निवडून आले. त्या निवडणुकीवरचा मुद्दा सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी 2 जानेवारी 2017 रोजी चार विरुद्ध तीन असा निकाली काढला: मतदाराच्याही धर्माच्या आधारे मत मागता येणार नाही. मतदाराने काय विचारावे याबद्दल तो निकाल काही सांगत नाही. म्हणजे विचारायला मोकळीक आहे, हे आमच्या पंचांना मी मुद्दामच सांगितलेले नाही.

राहता राहिला मजुरीचा प्रश्न. तो खरे तर ख्रिस्ती प्रश्न आहे असा काही पाळकांना संशय असतो. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात कापणी करणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड परमेश्वराच्या कानी जाते असे आहे. आमच्या शहरात कायम कामगार कमी होत गेले आणि कंत्राटी वाढत गेले, तेव्हा हा अध्याय जपून वाचावा लागतो. उमेदवार भेटीला येण्याच्या आठवड्यात तर नकोच. 2018 साली 6 ऑक्टोबरला निवडणूक जाहीर झाली. 9 ऑक्टोबरला प्लांटमध्ये कोक ओव्हनच्या गॅस पाइपलाइनवर काम चालू असताना भडका उडाला आणि डझनभराहून जास्त माणसे गेली. मतदान बरोबर सहा आठवड्यांनी, 20 नोव्हेंबरला झाले. मधल्या 2 नोव्हेंबरला, मेणबत्त्या लावायच्या दिवशी, कुणी उमेदवाराला सुरक्षेविषयी विचारले असते तर प्रसंगाचे गांभीर्य गेले असते.

विचारलेच पाहिजे असा कुणाचा हट्ट असेल, तर शुभवर्तमानात एक आदर्श आहे. पिलाताने येशूला सत्य म्हणजे काय असे विचारले आणि उत्तराला न थांबता तो बाहेर गर्दीकडे गेला. गर्दीने ओरडून बरब्बाला निवडले. प्रश्नही झाला, मतदानही झाले, कुणाला उशीर झाला नाही.

जाता जाता एक आकडा सांगतो, पण तो आपल्यातच ठेवा. भिलाई नगरची जागा 2018 साली 2,849 मतांनी गेली आणि 2023 साली 1,264 मतांनी. उमेदवारांना हे दोन्ही आकडे पाठ असतात. आपण ते पाठ करू नयेत.